परग्रहाची हवा मोजणारं यान कसं तयार करतात: नाशिकमध्ये करून पाहण्याजोगा सराव

दुसऱ्या ग्रहांच्या वातावरणात उतरलेल्या यानांच्या हकिगती वाचल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. कितीतरी मापं त्या ग्रहाच्या उष्णतेनं किंवा दाबानं गेली नाहीत. ती पृथ्वीवर, टेबलावरच गेली होती. कुठे तार चुकीच्या जागी जोडली गेली, कुठे आज्ञांच्या यादीत एक ओळ घालायची राहिली. डिसेंबर १९९५ मध्ये गॅलिलिओ मोहिमेचं उपयान सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगानं गुरूच्या वातावरणात शिरलं आणि तो मार सोसून टिकलं. पण वेग कमी होतोय हे ओळखणाऱ्या स्विचांची जोडणी चुकलेली होती. त्यामुळे पॅराशूट ५३ सेकंद उशिरा उघडलं आणि वरच्या थराची मापं हुकली.

इस्रोच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. खर्च १२३६ कोटी रुपये, उड्डाणाचं लक्ष्य मार्च २०२८. ती बातमी आल्यापासून कॉलेजची मुलं विचारतात, आम्ही आत्ता काय करू शकतो? हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी आहे. यात अर्ध्या किलोच्या आसपासची एक हवामापक पेटी बनवायची आहे. क्रम मात्र खऱ्या यानाचाच ठेवायचा: प्रश्न, उपकरण, बांधणी, कॅलिब्रेशन (म्हणजे उपकरण बरोबर मोजतं का ते पडताळणं), चाचण्या, स्वच्छता, तालीम आणि मग मोजणी. सुटे भाग ऑनलाइन किंवा गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. बाकीचं बरंचसं नाशिकमध्येच आहे, फक्त ते मागायला जावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. फुगा किंवा ड्रोन सोडायचा विचार मनातून काढा. ओझरचा विमानतळ, देवळालीचा तोफखाना आणि गांधीनगरचा लष्करी हवाई तळ अशा तिन्ही बाजूंनी इथलं आकाश राखीव आहे. परवानगीच्या खटपटीत वर्ष निघून जाईल. उंची मिळवायला डोंगर आहे, घाट आहे.

आधी प्रश्न, मग खरेदी

‘मंगळाच्या हवेचा अभ्यास’ एवढ्यावर यान बनत नाही. नासाच्या मेव्हन यानापुढचा मुख्य प्रश्न होता, मंगळाची हवा अवकाशात किती वेगानं निसटतेय? पुढचं सगळं त्यातून ठरलं. निसटणारे अणू वरच्या थरात सापडतात, म्हणून कक्षेचा नीचबिंदू साधारण १५० किलोमीटरवर ठेवला आणि अधूनमधून १२५ किलोमीटरपर्यंत बुड्या मारल्या. अणू-रेणू वजनानुसार वेगळे मोजायचे, म्हणून मास स्पेक्ट्रोमीटर नेला. २०१५ मध्ये उत्तर आलं: सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम. मेव्हन आणि आपलं मंगळयान, दोन्ही नोव्हेंबर २०१३ मध्येच निघाली होती. पण मंगळयानाच्या सुरुवातीच्या कक्षेचा नीचबिंदू सुमारे ४२१ किलोमीटरवर होता. तिथून ‘मेंका’ हे उपकरण मंगळाच्या सर्वांत बाहेरच्या, अतिविरळ थरातले रेणू मोजायचं. ग्रह एकच, पण प्रश्न बदलला की उंची बदलते आणि उपकरणाकडून असलेली अपेक्षाही बदलते.

आपला प्रश्न असा घेऊ: हिवाळ्यात पहाटे पांडवलेण्यांच्या पायथ्याची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते का, आणि असलीच तर किती? निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर हिवाळ्यात वाचतोच. थंड, जड हवा सखल भागात साचते आणि वर चढावं तशी थोडी ऊब लागते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. दुसऱ्या ग्रहांच्या वातावरणाचा अभ्यास करणारेही उंचीनुसार तापमान कसं बदलतं हाच आलेख आधी काढतात.

आता एका कागदावर चार रकाने आखा: काय मोजायचं, कुठपासून कुठपर्यंत, किती अचूक, किती वेळानं. आपल्यासाठी तापमान ० ते ४० अंश, अचूकता ०.३ अंश. दाब ९०० ते १००० हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक), बदल ०.२ पर्यंत कळला पाहिजे. नोंद दर सेकंदाला. हे रकाने भरल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. आधी सेन्सर घेऊन मग त्याला शोभेल असा प्रश्न शोधणारे गट मी बरेच पाहिलेत. त्यांच्याकडे शेवटी आलेख असतो, पण तो कशाचा हे सांगता येत नाही.

जायचं तिथली हवा कशी आहे

मंगळाच्या पृष्ठभागावर दाब सरासरी ६ हेक्टोपास्कल, म्हणजे आपल्याकडे ३५ किलोमीटर उंचीवर असतो तेवढा. शुक्राच्या पृष्ठभागावर आपल्या ९० पटींहून जास्त दाब आणि ४६५ अंश तापमान. पण त्याच शुक्रावर ५० ते ५५ किलोमीटर उंचीवर दाब आणि तापमान पृथ्वीसारखंच होतं, फक्त आजूबाजूला गंधकाम्लाचे ढग असतात. १९८५ मध्ये सोव्हिएत संघाच्या वेगा मोहिमांनी तिथे दोन फुगे सोडले. ते सुमारे ५४ किलोमीटर उंचीवर दीड दिवसाहून अधिक काळ तरंगत माहिती पाठवत राहिले.

तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणाऱ्या, आपण घेतो त्या बीएमई२८० सेन्सरचा दाबाचा पल्ला ३०० ते ११०० हेक्टोपास्कल. नाशिकसाठी उत्तम, मंगळावर निरुपयोगी. एमएस५६११ हा सेन्सर १० पर्यंत उतरतो, तोही मंगळाच्या सरासरी दाबाच्या वरच थांबतो. डेटाशीटमधला हा आकडा सगळ्यांत आधी पाहायचा. व्हेनेरा ४ हे यान १९६७ मध्ये शुक्राच्या वातावरणात उतरलं. दुसऱ्या ग्रहाच्या हवेची मापं तिथूनच पाठवणारं ते पहिलं यान. पण शुक्रावरचा दाब इतका असेल या अंदाजानं ते बांधलेलंच नव्हतं, त्यामुळे जमिनीपासून २५ किलोमीटर वर असतानाच ते गप्प झालं. १९७० मध्ये व्हेनेरा ७ भरभक्कम बांधून पाठवलं, तेव्हा पृष्ठभागावरून संदेश आला.

मुलांकडून एक गणित जरूर करून घ्या. नाशिकमध्ये हवेची घनता घनमीटरला साधारण १.१ किलो. अर्धा किलो वजनाची पेटी सेकंदाला ५ मीटर वेगानं उतरायची, तर ०.८ अवरोध गुणांक धरून पाऊण मीटर व्यासाचं पॅराशूट लागतं. तेच पॅराशूट मंगळावर नेलं तर गुरुत्व कमी असूनही वेग सेकंदाला २५ मीटरच्या घरात जातो. शुक्राच्या जमिनीलगत मात्र तो अर्ध्या-पाऊण मीटरवर येतो. मोठं पॅराशूट घेऊन शुक्राच्या दाट हवेत रेंगाळत राहिलं तर यान जमिनीला टेकण्याआधीच तापून जाईल. म्हणून व्हेनेरा ९ पासूनची उतरयानं पॅराशूट बरंच वर असतानाच सोडून द्यायची आणि नुसत्या चकतीच्या अवरोधावर उरलेलं अंतर उतरायची.

वजन आणि वीज

मंगळयानाचं उड्डाणाच्या वेळचं वजन १३३७ किलो. त्यातलं ८५२ किलो नुसतं इंधन आणि पाचही वैज्ञानिक उपकरणं मिळून पंधरा किलोच्या आतली. मेंका साडेतीन किलोचं. विज्ञानाच्या वाट्याला किती उरतं ते यावरून कळतं. तुमच्या पेटीतला प्रत्येक भाग, स्क्रू आणि केबल टायसकट, सराफ बाजारात वापरतात तसल्या डिजिटल काट्यावर तोला आणि वहीत लिहा. सुरुवातीच्या अंदाजावर वीस टक्के राखून ठेवा. ते वायरी खातात.

विजेचा हिशोबही असाच करायचा. ईएसपी३२ कंट्रोलर वायफाय बंद ठेवून, जीपीएस, मेमरी कार्ड आणि सेन्सर मिळून सरासरी १५० मिलिअँपिअर धरा. २५०० मिलिअँपिअर-तासांचा ‘१८६५०’ आकाराचा लिथियम सेल कागदावर सोळा तास चालेल. थंडीत सेलची क्षमता घटते आणि कन्व्हर्टरमध्येही थोडी वीज जाते, म्हणून साठ टक्केच धरा, म्हणजे दहा तास. रेडिओ लावणार असाल तर भारतात विनापरवाना चालणारा ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरा. दुकानदार ४३३ किंवा ९१५ चं मॉड्यूल गळ्यात मारेल, ते घेऊ नका.

हवा आत कुठून येते

सेन्सर चांगला आणि बसवण्याची जागा वाईट, हा प्रकार सर्रास दिसतो. बीएमई२८० कंट्रोलरच्या शेजारी बसवला तर तो हवेचं नव्हे, कंट्रोलरचं तापमान सांगतो. दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. सेन्सर पेटीबाहेर किमान दहा सेंटिमीटर लांब दांडीवर न्या. त्याभोवती पांढऱ्या पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे एकात एक घालून सावली करा, दोन्ही टोकं उघडी ठेवा आणि मधून हवा खेळू द्या. चालताना पाइपचं तोंड चालण्याच्या दिशेला हवं, घामेजलेल्या हाताकडे नाही.

हवा आत घेणाऱ्या नळीची भीती खऱ्या यानांनाही असते. १९७८ मध्ये पायोनियर व्हीनसचं मोठं उपयान शुक्राच्या ढगांतून उतरताना गंधकाम्लाच्या थेंबानं मास स्पेक्ट्रोमीटरची तोंडं बुजली. खाली उष्णता वाढली तसा थेंब उडून गेला आणि मार्ग मोकळा झाला. मधल्या थराची मापं गेली. गंमत अशी की थेंब अडकलेला असताना जी बाष्पं आत गेली त्यांतूनच शुक्रावर जड हायड्रोजनचं प्रमाण पृथ्वीच्या सुमारे शंभर पट असल्याचं कळलं. शुक्रावर कधीकाळी बरंच पाणी असावं, या म्हणण्याला मोठा आधार मिळाला तो त्यातून. पण असं नशीब गृहीत धरून नळी बसवायची नसते. तोंडाला बारीक स्टीलची जाळी लावा आणि ते खाली झुकलेलं ठेवा, म्हणजे दव आत ओघळणार नाही.

वायरिंग: उलटं बसूच नये अशी सोय

नियम एकच: जो कनेक्टर उलटा बसू शकतो तो कधीतरी उलटा बसणारच. प्रत्येक जोडणीसाठी वेगवेगळ्या पिनसंख्येचा, खाचेचा कनेक्टर घ्या. जंपर वायर टेबलावर ठीक, पेटीत नको. क्रिम्प करा, हीट श्रिंक स्लीव्ह चढवा आणि दर पाच-सात सेंटिमीटरवर वायर बांधा. स्क्रू आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढा. स्क्रू फिरला की रेघ तुटलेली दिसते. अंबड-सातपूरच्या कोणत्याही शॉपफ्लोअरवर ही खूण मारतात, यानांवरही मारतात.

सगळी जोडणी झाल्यावर, झाकण लागल्यावर, प्रत्येक सेन्सरला खरोखर डिवचून पाहा. तापमानाच्या सेन्सरवर फुंकर घाला आणि आकडा वर जातो का ते बघा. दाबाच्या सेन्सरसकट पेटी जिन्यानं वर न्या, आकडा खाली आला पाहिजे. सर्किटची सुटी पाटी टेबलावर चालली होती, या समाधानावर थांबू नका. सौरवाऱ्याचे नमुने घेऊन येणारी जेनेसिस कुपी २००४ मध्ये युटाच्या वाळवंटात आदळली. पॅराशूट उघडायला सांगणारे स्विच उलट दिशेनं बसवलेले होते.

कॅलिब्रेशन: आधी उपकरणाचं माप घ्या

इथे घाई करू नका. सगळ्या कामातला सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्या.

तापमानासाठी वॉटरप्रूफ डीएस१८बी२० सेन्सर सोबतीला घ्या. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडंसं थंड पाणी घाला, ढवळा, दहा मिनिटं थांबा. बर्फ तरंगतोय आणि तळाशी नुसतं पाणी आहे असं नको, चुरा तळापर्यंत हवा. हा झाला शून्य अंश. दुसरा बिंदू उकळतं पाणी. इथे पुष्कळजण १०० लिहून टाकतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, हवेचा दाब ९४५ हेक्टोपास्कलच्या आसपास. त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. बीएमई२८० ला या पाण्यात बुडवू नका, त्याची मर्यादा ८५ अंश आहे आणि तो पाण्यात घालायचा नसतोच. डीएस१८बी२० ची दुरुस्ती ठरवून घ्या, मग दोन्ही सेन्सर एका बंद डब्यात शेजारी ठेवून रात्रभर तुलना करा.

आर्द्रतेसाठी घरातलं मीठ पुरतं. बशीत मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत दिसेल एवढंच पाणी घाला, बशी आणि सेन्सर हवाबंद डब्यात एकत्र ठेवा. मीठ सेन्सरला लागू देऊ नका. २५ अंशांच्या आसपास आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. अर्धा दिवस जाऊ द्या.

दाबासाठी वेधशाळेचा आकडा घ्याल तर सावध राहा. बातम्यांत आणि ॲपमध्ये दिसणारा दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. नाशिकसाठी तो खऱ्या दाबापेक्षा साठ-पासष्टनं जास्त दिसेल. सेन्सर बिघडलाय असं वाटून लोक तो बदलून आणतात आणि नवाही तेच सांगतो.

दाबाची दुसरी गंमत घरीच दिसते. पेटी एका जागी ठेवून दिवसभर नोंद घ्या. सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-चार हेक्टोपास्कलनं उतरतो, आकाश स्वच्छ असलं तरी. सूर्याच्या उष्णतेनं वातावरणात उठणारी ही भरती-ओहोटी आहे. नाशिकच्या हवेत १ हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे ९ मीटर उंची. म्हणजे टेबलावरची पेटी दुपारपर्यंत तीस मीटर ‘वर गेली’ असं गणित सांगेल. मंगळावर ही लाट कितीतरी मोठी असते. क्युरिऑसिटी रोव्हर आहे त्या गेल विवरात दिवसभरात दाब दहा टक्क्यांच्या आसपास हलतो. यावर उपाय म्हणजे जोडीला तशीच दुसरी पेटी पायथ्याशी स्थिर ठेवायची आणि दोन्हींतला फरक तेवढा वापरायचा.

कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर लावणार असाल तर त्याचं आपोआप होणारं कॅलिब्रेशन आधी बंद करा. दिवसातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा, असं धरून तो स्वतःचा तळ सरकवत राहतो. बंद वर्गात ठेवलेला असा सेन्सर काही दिवसांनी आत्मविश्वासानं खोटं सांगू लागतो.

हादरे, थंडी आणि निर्वात

क्रम असा ठेवा: आधी हादरे, मग थंडी, मग निर्वात. प्रत्येक चाचणीच्या आधी आणि नंतर तीच कामकाज-तपासणी करून निकाल शेजारी शेजारी लिहा. हादऱ्यांनी सोल्डरला गेलेली बारीक चीर बहुधा थंडीतच उघडी पडते.

वाहनांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या किंवा मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये व्हायब्रेशन टेबल असतं. कॉलेजच्या पत्रावर एखादा निवांत तास मिळू शकतो. टेबल मिळालं तर मोठा झटका देण्याआधी अगदी हलक्या जोरावर सगळ्या कंपनसंख्या फिरवून पेटी कुठे थरथरते ते टिपा. मोठी चाचणी झाल्यावर पुन्हा हलकी फेरी मारा. थरथरण्याची जागा सरकली असेल तर आत काहीतरी सैल झालंय, बाहेरून दिसो वा न दिसो. यानांच्या चाचणीतही हेच करतात. टेबल नाही मिळालं तर मालवाहू टेम्पोच्या हौद्यात पेटी पक्की बांधून खड्ड्यांच्या रस्त्यावर फिरवून आणा. जिल्ह्यात असा रस्ता शोधावा लागत नाही.

थंडीसाठी द्राक्षवाल्यांकडे जा. पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडे निर्यातदारांची प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज आहेत. आत शून्याच्या जवळपास तापमान आणि भरपूर आर्द्रता असते. हंगाम टाळून विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. पेटी चार तास चालू अवस्थेत आत ठेवा, एकदा बंद करून गार झाल्यावर पुन्हा सुरू करून बघा. गार सेलवर सुरू होताना कंट्रोलर अडखळतो का, हे इथेच कळतं. बाहेर काढण्याआधी पेटी सिलिका जेलच्या पुड्यांसह झिपच्या पिशवीत बंद करा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. नाहीतर बाहेरची दमट हवा गार पाटीवर पाणी धरते.

निर्वातासाठी फ्रिज-एसी मेकॅनिकचा व्हॅक्यूम पंप आणि रेझिनमधले बुडबुडे काढायला वापरतात ते पातेलं पुरतं. पातेल्याचं झाकण जाड आणि बिनचिरेचं हवं. तीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हवा सुमारे ६८० किलोंचा भार टाकते. गॉगल घालूनच जवळ जा. पातळ पिशवीसारखे लिथियम सेल आत ठेवू नका, ते फुगतात. वीज बाहेरून द्या. पंपावरच्या काटेवाल्या गेजवर विसंबू नका. त्यावर उणे ७६० (पाऱ्याचे मिलिमीटर) पर्यंत आकडे छापलेले असले तरी नाशिकमध्ये काटा उणे ७१० च्या पुढे जाणारच नाही, कारण बाहेरच तेवढी हवा आहे. पंप चांगला असूनही ‘गळती आहे’ म्हणून दिवसभर सांधे चाचपत बसणारे असतात. निरपेक्ष दाब दाखवणारं गेज उसनं आणा.

आत दोन गोष्टी बघायच्या. एक, हवा गेली की उष्णता वाहून नेणारं कोणी उरत नाही. बाहेर कोमट लागणारा व्होल्टेज रेग्युलेटर आत बराच जास्त तापतो. त्याला तांब्याच्या पट्टीनं पेटीच्या भिंतीशी जोडा. दुसरी, उच्च व्होल्टेज. कमी दाबाच्या हवेत काहीशे व्होल्टलाही ठिणगी उडू शकते, पूर्ण हवेत किंवा पूर्ण निर्वातात ती इतकी सहज उडत नाही. मास स्पेक्ट्रोमीटरला उच्च व्होल्टेज लागतं, म्हणून यानातली कोंडलेली हवा पुरती निघून जाईपर्यंत तो सुरू करत नाहीत. आपल्या पेटीत असं काही नाही, पण कारण मुलांना माहीत असावं.

स्वतःची हवा सोबत नेऊ नका

क्युरिऑसिटीवर मिथेन मोजणाऱ्या उपकरणाच्या एका कप्प्यात प्रक्षेपणाआधी फ्लोरिडाची हवा शिरून बसली होती. मंगळावर गेल्यावर सुरुवातीच्या मोजण्यांत पृथ्वीचाच मिथेन डोकावू लागला आणि तो वजा करण्यात वेळ गेला. यान स्वतःही वास सोडतं: रंग, गोंद, प्लास्टिक, वायरींचं आवरण, सगळ्यांतून वाफ निघते. म्हणून जोडणी पूर्ण झाल्यावर सोल्डरचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पेटी उघडी ठेवून ६० अंशांवर काही तास भाजा (सेल काढून, हे सांगायला नको), आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट गॅस सेन्सरच्या आसपास वापरू नका. शुभारंभाला नारळ जरूर फोडा, पण उदबत्ती खोलीबाहेर लावा.

जंतूंचा प्रश्न वेगळा. मंगळावर उतरणाऱ्या यानांना कडक नियम असतात. १९७० च्या दशकात व्हायकिंगची उतरयानं बंद करून सुमारे ११२ अंशांवर ३० तास भाजली होती. शुक्रासाठी नियम सौम्य आहेत, तिथला पृष्ठभागच सगळं भाजून काढतो.

रंगीत तालीम

जानेवारी २००५ मध्ये ह्युजेन्स हे उपयान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरत होतं. माहिती दोन वाहिन्यांवरून कॅसिनी यानाकडे जायची होती. कॅसिनीवरचा एका वाहिनीचा रिसीव्हर चालू करण्याची आज्ञाच यादीत नव्हती. निम्मी छायाचित्रं गेली आणि वाऱ्याच्या वेगाचा प्रयोगही त्याच वाहिनीवर होता. पृथ्वीवरच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी तो क्षीण संदेश थेट ऐकत होत्या म्हणून वाऱ्याची मापं वाचली.

तालमीचे नियम कडक ठेवा. ज्यानं प्रोग्राम लिहिला त्यानं त्या दिवशी पेटीला हात लावायचा नाही. दुसरा कुणीतरी फक्त छापील यादी वाचत पेटी सुरू करील. यादीत नसलेली कुठलीही कृती करावी लागली तर थांबायचं, यादी दुरुस्त करायची, पहिल्यापासून सुरू करायचं. मंगळापर्यंत संदेश जायला अंतरानुसार तीन ते बावीस मिनिटं लागतात, म्हणून एक तालीम अशी करा की आज्ञा दिल्यावर बारा मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. मंगळयानाचं मुख्य इंजिन सुमारे ३०० दिवस बंद होतं. २४ सप्टेंबर २०१४ च्या खऱ्या प्रज्वलनाआधी दोन दिवस ते सुमारे चार सेकंद पेटवून पाहिलं गेलं. तुमची पेटीही एक महिना कपाटात ठेवून, मग न उघडता सुरू होते का ते पाहा.

मोजणी: लेणी आणि घाट

डिसेंबर-जानेवारीत, आदल्या दिवशी आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असा दिवस निवडा. जोडपेटी पायथ्याशी एका माणसाबरोबर सावलीत ठेवा. दोन्ही पेट्या पंधरा मिनिटं शेजारी ठेवून सुरुवातीचा फरक टिपा, मगच पायऱ्या चढा. सूर्य वर यायच्या आत जितकं चढता येईल तितकं चांगलं. थोड्या थोड्या पायऱ्यांनंतर दोन मिनिटं थांबायचं, कारण सेन्सरला नवं तापमान पकडायला वेळ लागतो. सरसर चढलात तर खालची थंडी वरच्या नोंदीत मिसळेल. उतरताना त्याच जागी पुन्हा थांबा. चढतानाचा आणि उतरतानाचा आलेख जुळला नाही तर दोन शक्यता: सेन्सर मागे पडतोय किंवा सूर्य वर आलाय. वेळेची नोंद असेल तरच कोणती ते सांगता येईल. लेण्यांच्या आवारात काही चिकटवू-मांडू नका. पेटी हातातच राहू द्या.

दाबाचा मोठा पल्ला हवा असेल तर घाट आहे. इगतपुरी ते कसारा ही थळ घाटातली उतरण ३७ ला १ अशी तीव्र आहे. गाडी सुमारे तीनशे मीटर खाली येते, दाब तीसेक हेक्टोपास्कलनं वाढतो. कसाऱ्याला थांबणारी गाडी पाहून बसा. एसी डब्यात बसू नका, साध्या डब्यात उघड्या खिडकीपासून थोडं आत बसा, नाहीतर वाऱ्याचा मारा दाबात मिसळतो. पेटी पारदर्शक डब्यात ठेवा, वायरी लोंबू देऊ नका, वर कॉलेजचं नाव आणि ‘हवामान मापक’ असं ठळक लिहा आणि प्राचार्यांचं पत्र खिशात ठेवा. लुकलुकणारे दिवे आणि वायरी असलेला बंद डबा स्टेशनवर रेल्वे पोलिसांना कसा दिसतो, याचा विचार आधीच केलेला बरा.

जीपीएस घाटात अधूनमधून हरवेल, विशेषतः बोगद्यांत. एकानं घड्याळ लावून प्रत्येक बोगद्याची आत-बाहेरची वेळ वहीत लिहायची. गाडी बोगद्यात शिरताना दाबात छोटासा झटका उमटतो. आलेखातले झटके आणि वहीतल्या वेळा जुळवल्या की पेटीचं घड्याळ किती पुढे-मागे आहे ते सेकंदांत कळतं. कच्च्या फाइलला हात लावू नका. दुरुस्त्या वेगळ्या फाइलमध्ये करा आणि कच्च्या फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या माणसांकडे, गाडीतून उतरायच्या आधी.